‘द वेस्ट लँड’: प्रजापतीचा ‘द’ एलियटला कसा ऐकू आला?

निळी शाई (धागाकर्ती)

टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही इंग्रजी दीर्घकविता मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा वाचली. लॅटिन, जर्मन, इटालियन, फ्रेंच असे तुकडे ओलांडत शेवटच्या पानावर आले आणि समोर ‘दत्त, दयध्वम्, दाम्यत’, त्याखाली तीनदा ‘शांतिः’. अनोळखी गर्दीत अचानक घरचं माणूस दिसावं तसं झालं. परीक्षेत मी लिहिलं की पाश्चात्त्य संस्कृतीच्या वाळवंटावर कवीने पूर्वेकडचं उत्तर शोधलं. बाईंनी शाबासकी दिली. गेली काही वर्षं ही कविता मी पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि आता मला ते वाक्य चूक वाटतं. का, ते नीट मांडून बघते.

१९२१ सालचा एलियट आधी डोळ्यांसमोर आणा. वय ३३. लंडनमध्ये लॉइड्स बँकेत नोकरी. व्हिव्हियनशी १९१५ साली झालेला विवाह दोघांनाही पिळून काढत होता. वडील १९१९च्या जानेवारीत गेले, आणि मुलाने कविता करून काही मिळवलं हे त्यांना पटवून द्यायचं राहूनच गेलं. ऑक्टोबरमध्ये बँकेने त्याला तीन महिन्यांची रजा दिली, कारण मन पार खचलं होतं. आधी मार्गेटचा समुद्रकिनारा, मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला डॉ. व्हिटोझ यांच्याकडे उपचार. ‘मार्गेटच्या वाळूवर मला कशाचाच कशाशी संबंध जोडता येत नाही’ अशा अर्थाची ओळ कवितेत आहे. ती रूपक म्हणून शिकवली जाते. मला ती रुग्णाने दिलेली साधी माहिती वाटते.

पाचवा, शेवटचा भाग लोझानला लिहून झाला. त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंडने बाकीच्या हस्तलिखितावर सपासप कात्री चालवली, पण या भागाला जवळजवळ हात लावला नाही. पुढे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलला लिहिलेल्या पत्रात एलियट म्हणाला की हा एकच भाग असा आहे की ज्यामुळे बाकीची कविता समर्थनीय ठरते. आणि नेमकं याच भागात बृहदारण्यक उपनिषद येतं.

गोष्ट थोडक्यात सांगते. देव, माणसं आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही लेकरं त्याच्याकडे ब्रह्मचर्याने राहिली. शिक्षण संपल्यावर प्रत्येकाने उपदेश मागितला. प्रजापती तिघांनाही एकच अक्षर देतो: ‘द’. देवांना त्यात ‘दाम्यत’, स्वतःला आवरा, असं ऐकू येतं. माणसांना ‘दत्त’, द्या. असुरांना ‘दयध्वम्’, दया करा. आणि आजही मेघ गडगडतो तेव्हा तीच दैवी वाणी ‘द द द’ म्हणत असते.

मला या गोष्टीत नेहमी थक्क करतं ते हे की गुरूने काहीच सांगितलेलं नाही. एक अक्षर टाकलं. ज्याला जे कमी होतं, ते त्याने स्वतःच त्यात ऐकलं.

एलियटकडे काय होतं बघा. गर्जना होते, आज्ञा ऐकू येते, आणि लगेच एक माणूस उत्तर देऊ लागतो. ‘दत्त’ला उत्तर येतं: आपण दिलं तरी काय? क्षणभराच्या समर्पणाचं ते भयंकर धाडस, जे मृत्यूनंतरच्या कागदपत्रांत सापडणार नाही. ‘दयध्वम्’ला उत्तर येतं: दारात किल्ली एकदाच फिरल्याचं मी ऐकलं आहे, आपापल्या कोठडीत प्रत्येक जण त्या किल्लीचाच विचार करतो. ‘दाम्यत’ला उत्तर: सराईत हातांखाली नाव आनंदाने वळली, तुझं हृदयही तसंच वळलं असतं.

ही तिन्ही कबुलीजबाब आहेत. उपनिषद इथे औषध म्हणून आलेलं नाही, ते प्रश्न विचारतं आहे. म्हणून ‘पूर्वेने पश्चिमेला वाचवलं’ हे माझं जुनं वाक्य मी मागे घेते. तुम्हाला काय वाटतं?

---

अनुस्वार

धागा मनापासून आवडला. संस्कृतच्या बाजूने तीन गोष्टी जोडतो.

पहिली, क्रम. उपनिषदात दम, दान, दया असा क्रम आहे, कारण देव आधी विचारतात. एलियटने दान, दया, दम असा क्रम लावला. म्हणजे माणसांना दिलेली आज्ञा त्याने आधी घेतली आणि देवांची शेवटी ठेवली. माझ्या मते हे जाणूनबुजून आहे. तो स्वतःला माणसांत मोजतो आणि माणसाचा पहिला दोष लोभ, म्हणजे स्वतःला हातचं राखून ठेवणं.

दुसरी, शंकराचार्यांचं भाष्य. ते असाही एक अर्थ देतात की देव आणि असुर माणसांहून वेगळे कुणी नाहीतच. गुणी पण मनावर ताबा नसलेली माणसं म्हणजे देव, लोभी माणसं म्हणजे मनुष्य, क्रूर माणसं म्हणजे असुर. एलियटच्या कवितेतही तिन्ही आज्ञांना एकच माणूस उत्तर देतो. त्याने हे भाष्य वाचलं होतं असा दावा मी करत नाही. पण कविता त्याच जागी पोचते.

तिसरी गोष्ट माझी लाडकी आहे. एलियटने स्वतःच्या टीपेत संदर्भ दिला आहे ‘बृहदारण्यक ५, १’. ही कथा प्रत्यक्षात ५.२ मध्ये आहे. टीप प्रमाण मानून ५.१ उघडलं तर तिथे काय भेटतं? ‘पूर्णमदः पूर्णमिदं पूर्णात् पूर्णमुदच्यते’! ज्या कवितेचा कवी शेवटी म्हणतो की हे तुकडे मी माझ्या पडझडीला टेकू म्हणून लावले आहेत, तिची टीप वाचकाला पूर्णाच्या मंत्रापाशी नेऊन सोडते. आकड्याची चूकच असेल. पण मला ती चूक फार जवळची वाटते.

---

वाळूघड्याळ

मी विरोधी बाजू मांडतो, आणि ती मनापासून मांडतो आहे.

एलियट हार्वर्डला १९११ ते १९१४ या काळात चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत आणि पाली शिकला, जेम्स वूड्स यांच्याकडे पतंजली वाचला. पुढे १९३३च्या व्याख्यानांत त्याने स्वतःच सांगितलं की दोन वर्षं संस्कृत आणि एक वर्ष पतंजलीच्या चक्रव्यूहात घालवून आपण एका प्रकारच्या ‘ज्ञानी गोंधळा’त पोचलो. या विचारांच्या गाभ्यात खरोखर शिरायचं तर युरोपीय किंवा अमेरिकन म्हणून विचार करणं, अनुभवणं विसरावं लागेल आणि ते मला नको आहे, असंही त्याने तिथेच स्पष्ट केलं. जून १९२७ मध्ये त्याने अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

मग प्रश्न असा की उपनिषद तिथे कशासाठी आहे? त्याच्या इंग्रज वाचकाला ‘दयध्वम्’ म्हणजे निव्वळ गूढ आवाज. आपल्या श्रद्धेचे शब्द दुसऱ्याच्या कवितेत धूपासारखे वापरले जातात तेव्हा मला त्रास होतो. आपण ‘घरचं माणूस’ म्हणून हरखून जातो, पण त्या माणसाला तिथे बसायला खुर्ची दिली आहे का, हे बघत नाही.

---

निळी शाई

वाळूघड्याळ, तुमचा त्रास मी समजू शकते, आणि ते १९३३चं विधान मी मूळ लेखातच द्यायला हवं होतं. पण मला ते विधान प्रामाणिक वाटतं. आपल्याला अर्धवट कळलं आहे हे सांगणारा माणूस धूप म्हणून वापर करत नसतो.

एक तपशील बघा. १९२२च्या पहिल्या पुस्तकरूप आवृत्तीत ‘शांतिः’वर टीप होती: बायबलमधले ‘बुद्धीच्या पलीकडची शांती’ हे शब्द म्हणजे या शब्दातल्या आशयाचा दुबळा अनुवाद. नंतरच्या आवृत्त्यांत ‘दुबळा अनुवाद’ गेलं आणि ‘आपल्याकडचा समानार्थी शब्द’ असं आलं. तो ख्रिस्ती झाल्यावर टीप मवाळ झाली, असा तर्क करता येतो. पण १९२२ साली त्याला आपल्याच भाषेतला शब्द अपुरा वाटला होता, हे छापील आहे. सजावटीसाठी घेतलेल्या शब्दापुढे कुणी स्वतःचा धर्मग्रंथ दुबळा ठरवत नाही.

आणि ‘गंगा’! इंग्रजीत रुळलेलं ‘गँजिस’ हे रूप त्याने घेतलं नाही. ‘गंगा आटली होती, मलूल पानं पावसाची वाट बघत होती, काळे ढग दूर हिमवंतावर जमत होते.’ नावं जशी होती तशी ठेवली.

---

तिसरा किनारा

सगळे उपनिषदावर बोलत आहेत, मी बुद्धाकडे वळवतो. तिसऱ्या भागाचं नावच ‘द फायर सर्मन’, म्हणजे आदित्तपरियाय सुत्त. गयासीस इथे बुद्धाने एक हजार भिक्खूंना दिलेला उपदेश. हे भिक्खू आधी जटाधारी अग्निपूजक होते, ही गोष्ट विसरू नये. आयुष्यभर ज्यांनी आग बाहेर पेटवली त्यांना तो सांगतो: डोळा जळतो आहे, रूप जळतं आहे, कान, नाक, जीभ, शरीर, मन सगळं जळतं आहे. राग, द्वेष आणि मोह यांच्या आगीने. (इथला ‘राग’ म्हणजे आसक्ती.) एलियटने हे सुत्त हेन्री क्लार्क वॉरन यांच्या अनुवादात वाचलं, आणि टीपेत त्याचं महत्त्व येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाइतकं मानलं.

या भागात लंडनची एक टायपिस्ट आहे. संध्याकाळी घरी येते, डबा उघडून जेवते, एक तरुण येतो, शरीरसंबंध होतो, तो जातो. ती आरशात बघते, केस सारखे करते आणि ग्रामोफोनवर तबकडी लावते. ‘झालं एकदाचं’ एवढीच तिची भावना. प्रथमदर्शनी इथे आग कुठेच नाही, सगळं कोमट आहे. पण सुत्तात आसक्तीबरोबर मोहाचीही आग सांगितली आहे, आणि मोह म्हणजे आपण जळतो आहोत हे न कळणं. आगीचा धडा शिकवायला एलियटने इतकी थंड खोली निवडली, हे मला विलक्षण वाटतं.

शेवटी तो बुद्धाचं ‘जळतं आहे’ आणि सेंट ऑगस्टीनची ‘प्रभो, तू मला उपटून बाहेर काढतोस’ ही ओळ एकात एक विणतो. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या वैराग्याचे हे दोन प्रतिनिधी शेजारी आले हा योगायोग नव्हे, असं त्याची टीप सांगते. पण सुत्ताचा शेवट आठवा. तिथे कंटाळा येतो, कंटाळ्यातून विराग, विरागातून मुक्ती, आणि उपदेश चालू असतानाच त्या हजार जणांची चित्तं मुक्त होतात. कवितेत ऑगस्टीनचं वाक्य हळूहळू तुटत जातं. आधी ‘मला’ गळतं, मग प्रभूही, आणि ओळीत एकटा शब्द उरतो: ‘जळतं आहे’. सुत्त निम्म्यावर थांबलं. या कवितेतलं संकट माझ्या मते हेच. निदान पूर्ण झालं आहे आणि उपचारापर्यंत पोचता येत नाही.

---

पाऊलखूण

वाचते आहे, फार सुंदर चर्चा. एक शंका: एलियट खरंच बौद्ध होणार होता का? कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

---

तिसरा किनारा

पाऊलखूण, ही आठवण इंग्रज कवी स्टीफन स्पेंडरची आहे. एलियट चिलीच्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांना सांगत होता की ‘द वेस्ट लँड’ लिहीत असताना बौद्ध होण्याचा आपण गंभीरपणे विचार केला होता, आणि स्पेंडर तिथे हजर होता. हार्वर्डला १९१३-१४ मध्ये मासाहारू आनेसाकी यांची बौद्ध विचारांवरची व्याख्यानंही त्याने ऐकली होती. म्हणजे पुस्तकी ओळखीच्या थोडं पुढे गोष्ट गेली होती.

---

उत्तररात्र

मी इथे क्वचित लिहिते. साहित्याची विद्यार्थिनी नाही.

माझा धाकटा भाऊ दीड वर्ष खोलीचं दार बंद करून राहिला. दिवसातून एकदा कडी वाजायची, तो ताट आत घ्यायचा आणि कडी परत लागायची. मी बाहेर उभी असायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. एका ओळखीच्या बाईंनी मला जप लिहून दिला, तोही मी केला. त्या दिवसांत ही कविता हाती आली आणि ‘किल्ली एकदाच फिरल्याचं मी ऐकलं आहे’ या ओळीवर मी थांबले. तोवर मला वाटायचं की कोंडला आहे तो, आणि मी बाहेर आहे. ती ओळ म्हणते, किल्लीचा विचार करता करताच प्रत्येक जण आपली कोठडी पक्की करतो. मी रात्रंदिवस त्याच्या दाराचा विचार करत होते. त्याच्याशी बोलणं मात्र मी कधीच थांबवलं होतं. फक्त ‘दार उघड’ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर बसून मी त्याला दिवसभरात काय झालं ते सांगायला लागले. दार उघडायला सांगितलं नाही. पुढचं सगळं इथे लिहीत नाही, आज तो बरा आहे आणि ते श्रेय उपचारांचं आहे. पण ‘दयध्वम्’ हा शब्द मी तिथे शिकले. दया म्हणजे कीव असं मी समजत होते. वाळूघड्याळ, तुमचा मुद्दा मला पटतो तरी इतकंच सांगते की माझ्याच भाषेतला हा शब्द मला लंडनहून परत मिळाला.

---

वाळूघड्याळ

उत्तररात्र, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. ‘धूपासारखे वापरले’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. शब्दांनी काम केलं असेल तर खुर्चीचा हिशेब मी कोण मागणार.

मात्र १९२७चा प्रश्न माझ्यापुरता शिल्लक आहे. इतकं सगळं ऐकून शेवटी तो आपल्या चर्चमध्येच का गेला?

---

अर्धविराम

या प्रश्नाला ‘फोर क्वार्टेट्स’ या एलियटच्या चार कवितांच्या मालिकेशिवाय उत्तर नाही, असं मला वाटतं. तिच्यातली ‘द ड्राय साल्व्हेजेस’ १९४१ साली आली. युद्ध चालू आहे, लंडनवर बाँब पडत आहेत, एलियट हवाई हल्ल्यांच्या काळात रखवालीचं काम करतो आहे, आणि बाप्तिस्म्याला चौदा वर्षं झाली आहेत. त्या कवितेच्या तिसऱ्या भागात तो म्हणतो: कधीकधी मला वाटतं, कृष्णाला हेच म्हणायचं होतं का? मग गीतेच्या आठव्या अध्यायातला विचार येतो. मरणकाळी मन ज्या भावावर स्थिर असेल तो भाव माणसाला मिळतो. एलियट त्यात भर घालतो की मरणाची घटका म्हणजे प्रत्येक क्षण. आणि फळाचा विचार करू नका, पुढे चला.

लगेच चौथा भाग सुरू होतो तो मेरीच्या प्रार्थनेने, समुद्रावर गेलेल्यांसाठी. पाचव्यात ख्रिस्ताचा अवतार. तिघं एकापाठोपाठ, आणि कुणी कुणाला हाकललेलं नाही. १९२९च्या दान्तेवरच्या निबंधात त्याने लिहिलं होतं की आपल्या वाचनात ‘डिव्हाइन कॉमेडी’खालोखाल श्रेष्ठ तत्त्वचिंतनात्मक काव्य भगवद्गीता आहे. म्हणजे चर्चमध्ये जाताना त्याने गीता बाहेर ठेवली नाही. माणूस प्रार्थना बहुधा त्याच भाषेत करतो जिच्यात तो लहानपणी रडला. त्यात मला विश्वासघात दिसत नाही.

विषय थोडा बाजूला नेतो, पण मराठी वाचकांना सांगायलाच हवं. आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सने १९३७ साली प्रमुख दहा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला तो श्रीपुरोहित स्वामींच्या सोबतीने. स्वामी आपल्या वऱ्हाडातले. त्यांनी आपले गुरू भगवान श्रीहंस यांचं कैलास-मानससरोवराच्या यात्रेचं मराठी पुस्तक इंग्रजीत नेलं, १९३४ मध्ये ते ‘द होली माउंटन’ नावाने आलं, येट्सची प्रस्तावना घेऊन. दोन्ही पुस्तकं ‘फेबर’ने काढली, आणि त्या प्रकाशनसंस्थेचा एक संचालक होता एलियट! येट्सच्या ‘मेरू’ कवितेतले बर्फात उघडे बसलेले तपस्वी याच सुमारास आले. येट्सला तिथे हिमालयासारखी घट्ट जागा सापडली असं वाटतं. एलियटला ती कधीच सापडली नाही, आणि मला एलियट अधिक भिडतो तो त्यामुळेच.

---

पाऊलखूण

मर्ढेकर आठवल्याशिवाय राहवत नाही. ते १९२९ ते १९३३ इंग्लंडमध्ये होते. पिंपात मेलेल्या ओल्या उंदरांची कविता लिहिणारा हाच कवी ‘भंगु दे काठिन्य माझे’ असंही मागतो, आणि यंत्रयुगाची भयाणता मांडायला संतांचे ओवी-अभंग हाताशी घेतो. फरक एवढाच दिसतो की एलियटला उपनिषद दुरून आणावं लागलं. मर्ढेकरांच्या छंदातच ज्ञानोबा-तुकोबा होते, तरी उंदीर मेलेच. परंपरा घरची असली म्हणून संकट टळत नाही.

---

अनुस्वार

परत आलो, कारण काल रात्री मूळ मंत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसली आणि ती इथे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आपण सगळे म्हणालो की प्रजापती एकच अक्षर बोलतो. ते पूर्ण खरं नाही. ‘द’ म्हटल्यावर तो विचारतो, ‘समजलात का?’ ते सांगतात, ‘समजलो, स्वतःला आवरा असं तुम्ही आम्हाला म्हणालात.’ त्यावर मूळ शब्द आहेत: ‘ओमिति होवाच व्यज्ञासिष्टेति.’ तो म्हणाला, ‘ॐ, समजलात.’ देवांना, माणसांना, असुरांना, तिन्ही वेळा. इथे ‘ॐ’चा अर्थ अगदी साधा आहे: हो.

आता एलियटकडे बघा. गर्जना आहे, ऐकणं आहे, उत्तर आहे. पण ‘हो, बरोबर ऐकलंस’ असं म्हणणारं कुणी नाही. आणि शेवटी तीन वेळा ‘शांतिः’ येतं तेव्हाही त्याआधीचा ॐ नाही. उपनिषदाच्या समारोपाचा मंत्र म्हणून त्याने तो घेतला, पण ‘ॐ शांतिः शांतिः शांतिः’मधलं पहिलंच अक्षर गळलेलं आहे.

---

निळी शाई

अनुस्वार, मी आत्ता पुस्तक काढून पुन्हा बघितलं. खरंच नाही.

म्हणजे शिष्याने अक्षर ऐकलं, स्वतःचा दोष ओळखला, कबूलही केला, आणि समोर गुरू बसलेला नाही. मूळ लेखात मी ‘तुझं हृदयही तसंच वळलं असतं’ या ओळीवर फार रेंगाळले नव्हते. आता ते ‘असतं’ वेगळं वाजतं आहे. नाव वळली हे घडलेलं आहे, हृदयाचं घडायचं राहिलं. त्यानंतर लगेच तो माणूस किनाऱ्यावर गळ टाकून बसतो, पाठीमागे कोरडं मैदान, आणि म्हणतो, निदान माझ्या जमिनीची तरी नीट व्यवस्था लावू का? हा प्रश्न तो कुणाला विचारतो आहे हे मला आजवर कळत नव्हतं.

उत्तररात्र, तुम्ही दाराबाहेर बसून बोलत होतात तेव्हा आतून हुंकार यायचा का, असं विचारावंसं वाटलं होतं. नाही विचारत.

---

उत्तररात्र

विचारा की. बरेच दिवस नाही आला. मग एकदा मी अर्ध्यावर थांबले तर आतून म्हणाला, ‘पुढे?’